आण्णाच्या शेडातलं सुपरपोझिशन

"हरेल त्यानं फुगडी घालायची," मी म्हटलं. "इथं चौकात. दिवसाउजेडी, गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या देखत."

आण्णाप्पा मगदूमनं सायकलच्या हँडलवरचा हात काढून मिशीवर नेला. विचार करायचा झाला की तो आधी मिशी चाचपायचा, जागेवर आहे का बघितल्यासारखी.

"कुणाबरोबर घालायची?"

"जी तयार होईल तिच्याबरोबर. हरलेल्याला निवड नाही."

"तुझ्याबरोबर म्हैस पण तयार व्हायची नाही, शिरप्या."

"मग म्हशीबरोबर."

दुकानापुढच्या बाकड्यावरचे हसले. आण्णा हसला नाही. तो आमच्या गल्लीतला सगळ्यात गंभीर माणूस. सोळा यंत्रमागांचा मालक, पांढरं धोतर, बोलणं मोजकं. अशा माणसाची खोड काढायला जी मजा येते ती दुसऱ्या कशात नाही. त्याच वर्षी मी बँडवाल्यांना सांगितलं होतं की आण्णाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, भल्या पहाटे दारात वाजवा. लग्नाला एकोणीसच झाली होती. आण्णा बनियनवर दार उघडून उभा, समोर क्लॅरोनेट. तेव्हापासून तो हिशेब चुकता करायची संधी शोधत होता, आणि मी ती त्याला ताटात वाढली.

इचलकरंजीतली गोष्ट. कोपऱ्यावर माझं सायकलचं दुकान, समोर आण्णाचं मागाचं शेड, शेडाला लागून त्याचं घर आणि वर माडीवरची एक खोली. त्या खोलीत पांचाळ मॅडम भाड्यानं राहायच्या. पैज त्यांच्यावरच लागली होती.

वृंदा पांचाळ. परभणीच्या. वय चोवीस-पंचवीस, अंगानं काडी. इथल्या पॉलिटेक्निकात इलेक्ट्रिकलच्या पोरांना सर्किट शिकवायला आल्या होत्या, कच्च्या नेमणुकीवर. रोज संध्याकाळी सायकल हातानं ढकलत दुकानात यायच्या. मागच्या चाकात हवा नाही, वॉल्व्ह गायब. वॉल्व्ह काढून नेणं ही मागच्या बाकावरची विद्या, ती मला कुणी शिकवायला नको. मी शाळेत हेडमास्तरांचा न्यायचो.

"रोजच कसा हो पंक्चर होतो?" मी उगाच विचारलं.

"पंक्चर नाही दादा. पोरं काढायलेत. मला कळायलंय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मॅडम फळ्याकडे वळल्या की अख्खा वर्ग मागाचा आवाज काढायचा. जिभेनं आणि बुटांनी, खटाक-खटाक, खटाक-खटाक. पोरं सगळी विणकरांची, आवाज हुबेहूब. मॅडम आवाज चढवायच्या, पोरं माग चढवायची. शेवटी त्या फळ्यालाच शिकवायच्या आणि तास संपला की वह्या गोळा करून निघायच्या. आता प्राचार्य सोमवारी त्यांच्या वर्गात येऊन बसणार होते. वर्ग आवरता आला तर नेमणूक पुढं चालू, नाहीतर परभणीची गाडी.

"परभणीला कोण?"

"भाऊ. तो म्हणालाच होता, पोरीच्या जातीला वायरीची विद्या कशाला. आता फाटकातच उभा राहील, सांगितलं होतं म्हणायला."

आणि ही बाई शिकवायची कशी, ते मला ठाऊक होतं. सकाळी मी दुकान उघडायचो तेव्हा माडीची खिडकी उघडी असायची. त्या भिंतीला शिकवायच्या. आवाज खणखणीत, मध्येच विनोद, मध्येच भिंतीला प्रश्न. एकदा मी खालून उत्तर दिलं तर खिडकी धाडकन बंद.

"भिंतीला एवढं झकास शिकवता, मग पोरांना काय होतं?"

"भिंत खटाक-खटाक करत नाही," त्या म्हणाल्या.

म्हणून बाकड्यावर त्या दिवशी आण्णा जेव्हा म्हणाला, "पोरगी गुणाची हाय, पण आवाज चिमणीचा. हिच्यानं व्हायचं नाही. गपगुमान गावाला गेलेली बरी," तेव्हा मी पंप खाली ठेवला आणि म्हटलं, "ती मला शिकवून दाखवेल."

"तुला?" आण्णा म्हणाला. "तू शाळा सोडलीस तेव्हा मास्तरांनी पेढे वाटलेत."

"सर्किटाचं एक गणित. शनिवारी सगळ्यांसमोर सोडवतो. पुस्तकाच्या मागं उत्तर असतं, ते पान तू धरून बस. जमलं तर तू हरलास, नाही जमलं तर मी. आणि शिकवणी तुझ्या शेडात, माग चालू ठेवून. नाहीतर उद्या म्हणशील, शांततेत काय कुणीपण शिकवतंय."

"माग बंद ठेवणार हाय कोण तुझ्यासाठी?" आण्णा म्हणाला, आणि टाळी दिली.

मॅडम आधी चिडल्या. "मला उगं मध्ये कशाला घ्यायलात?"

"फुगडीचा प्रश्न आहे, मॅडम."

"तुम्हाला खरंच शिकायचंय?"

"नाही. आण्णाला फुगडी घालताना बघायचंय."

त्या पहिल्यांदा हसल्या. "माझ्या पोरांकडे एवढं पण कारण नाही," म्हणाल्या आणि ट्यूबच्या खोक्यावर बसल्या.

पहिला धडा दुकानातच झाला. विषयाचं नाव सुपरपोझिशन. मी म्हटलं, नावानंच तोंड दुखतंय.

"सोपं आहे," त्या म्हणाल्या. "एका सर्किटात दोन सोर्स आहेत. दोघं एकदम करंट ढकलायलेत. कोण किती ढकलतंय कळत नाही. मग काय करायचं? एकाला गप्प बसवायचं, दुसऱ्याचं मोजायचं. मग याला गप्प बसवून त्याचं मोजायचं. शेवटी बेरीज."

"म्हणजे आण्णा आणि सुगंधाकाकू."

"कसं?"

"दोघं एकदम बोलतात तेव्हा भांडण कुणाचं किती ते कळत नाही. काकू माहेरी गेल्या की आण्णाचं मोजायचं."

"बरोबर. आणि आण्णा बाजाराला गेले की काकूंचं."

"आण्णाचं शून्य भरतंय, मॅडम."

"चालतं. शून्य पण मिळवायचं," त्या म्हणाल्या. एकदम गंभीरपणे. मला ही बाई आवडली.

मग त्यांनी गोम सांगितली. पोरं तिथंच चुकतात. गप्प बसवायची रीत दोघांची वेगळी. "करंट सोर्स म्हणजे नळ. नळ बंद केला की त्यातनं काही जात नाही, वाट तुटली. व्होल्टेज सोर्स म्हणजे चढ, घाटासारखा. चढ काढून टाकला तर काय उरतं?"

"सपाट रस्ता."

"मग रस्त्यावरनं जाता येतं की नाही?"

"खुशाल."

"म्हणून करंट सोर्स काढला तर जागा मोकळी सोडायची आणि व्होल्टेज सोर्स काढला तर तिथं तार जोडायची. एवढं ज्याला कळलं त्याला सगळं कळलं."

मला तिथंच कळलं होतं. पण मी डोकं खाजवलं.

दुसऱ्या दिवशी शेडात गेलो. सुताच्या बीमच्या खोक्याचं झाकण मी काळं रंगवून दोन मागांच्या मधल्या खांबाला टांगलं होतं. सोळा माग एकदम चालतात तेव्हा काय होतं ते इचलकरंजीबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. आवाज कानात नाही, दातात वाजतो. मॅडमनी खडू घेतला आणि फळ्याकडे तोंड करून ओरडायला लागल्या. पाठ आम्हाला. मला ऐकू आलं ते एवढंच, की काहीच ऐकू येत नाही.

मग मी माझं काम सुरू केलं. कांडीवरच्या सुताचा गोळा करून त्यांच्या वेणीला मारला. जांभया दिल्या. कामगारांकडे बघून त्यांची नक्कल केली, पाठमोरी. कामगार पळत्या धोट्यावर लक्ष ठेवून हसत होते. मॅडमनी वळून बघितलं, मी साधू झालो. त्या परत वळल्या, मी परत माकड. तासाभरात त्यांचा घसा बसला.

"तू शिकाय आलास का छळाय आलास?" सुगंधाकाकूंनी मला दारात धरलं.

"दोन्ही जमतंय, काकू."

"पोरगीच्या डोळ्यात पाणी हाय."

"बघितलं मी."

दुसरा दिवस तसाच. तिसऱ्या दिवशी मी फळ्याखाली आडवाच झालो आणि तोंडावर टोपी घेतली. पण टोपीच्या फटीतनं मी मॅडमकडे बघत नव्हतो, आण्णाकडे बघत होतो. आण्णाला वाकडं विणलेलं कापड बघवत नाही. दुसऱ्याच्या मागावरची गाठ दिसली तरी त्याचा हात शिवशिवतो. दोन दिवस तो मिशी चाचपत लांब उभा होता. तिसऱ्या दिवशी तो चालत आला, मला पायानं बाजूला सरकवलं आणि मॅडमच्या समोर जाऊन उभा राहिला. अगदी समोर. काही बोलला नाही, मॅडम त्याच्याकडे बघेपर्यंत थांबला. मग नुसते ओठ हलवले.

मॅडम चमकल्या. त्यांनी मान हलवली, हो.

आण्णानं त्यांना बाहेर अंगणात नेलं. मी मागोमाग.

"काय म्हणालो मी?"

"चहा घेतलास का म्हणालात."

"आवाज आला?"

"नाही."

"मग? पोरी, मागात आवाजाला किंमत नसते, तोंडाला असते. तू भिंतीला तोंड दाखवतीस आणि माणसाला पाठ. इथं तीस वर्सं झाली मला, कधी ओरडलेला बघितलंस? ज्याला सांगायचं त्याच्या समोर जायचं. त्याची नजर आपल्या नजरेत येईस्तोवर गप उभं राहायचं. नजर आली की मग ओठ, सावकाश, मोठे. लांबच्याला हात." त्यानं हातानं दाखवलं, धागा तुटला, बीम बदल, जेवायची वेळ झाली. "आमचा कामगार बायकोबरोबर भांडतो ते बी असंच. शेजाऱ्याला पत्ता नसतो."

"शेजारी पण मागवालेच आहेत, आण्णा," मी म्हटलं. "सगळं वाचतात."

"तू गप."

त्या दिवसापासून पुढं शिकवणी आण्णानंच घेतली, मॅडमची. काकू शेडाच्या एका टोकाला उभ्या राहायच्या, मॅडम दुसऱ्या टोकाला, मधे सोळा माग. मॅडमनी ओठांनी सांगायचं आणि काकूंनी ओरडून सांगायचं काय कळलं ते. पहिल्यांदा कोथिंबिरीचं कारलं झालं. मग होईना. मी माझ्या जांभया चालू ठेवल्या, पण आता मॅडम येऊन समोर उभ्या राहायच्या, माझी नजर वर येईपर्यंत. हे फार वाईट असतं. माणसाला जांभई अर्धी सोडावी लागते.

शनिवारी शेड भरलं. गल्ली तर आलीच, शिवाय मॅडमच्या वर्गातली पोरं. धनपाल म्हणून त्यांचा पुढारी होता, मागच्या बाकाचा राजा. त्याला मीच बोलावलं होतं. म्हटलं, भजी आहेत, आणि तुमच्या मॅडमची फजिती आहे. दोन्हीसाठी ती पोरं कुठंही येतात. त्यांना बघून मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते वाचायला ओठांची गरज नव्हती.

आण्णानं पुस्तकातनं गणित काढलं आणि उत्तराचं पान मुठीत धरलं. मी फळ्यावर आकृती काढली. डाव्या हाताला बारा व्होल्टचा सोर्स, त्याच्या वाटेत चार ओहमचा रेझिस्टन्स. उजव्या हाताला तीन अँपिअरचा करंट सोर्स. मधोमध दोन ओहम. मधल्यातनं करंट किती?

आधी करंट सोर्स गप्प बसवला. नळ बंद, जागा मोकळी. बाराला चार अधिक दोन म्हणजे सहानं भागलं, दोन आले. मॅडमची मान किंचित हलली. मग व्होल्टेज सोर्सची पाळी. मी तो पुसला आणि जागा तशीच मोकळी ठेवली, तार जोडली नाही. आता तीनच्या तीन अँपिअरला जायला दुसरी वाट कुठं? सगळे मधल्यातनं. दोन आणि तीन, पाच. मी लोकांकडे वळून पंजा वर केला. पाच.

आण्णानं पान बघितलं आणि मान हलवली. नाही.

पोरं उसळली. मागाच्या आवाजात त्यांचं खटाक-खटाक ऐकू आलं नाही, नुसती तोंडं दिसत होती आणि मॅडमकडे केलेली बोटं. हेच शिकवलं का, म्हणत होती. कामगारही हसत होते. मी पंजा तसाच वर ठेवला.

मॅडम फळ्यापाशी आल्या. खडू घेतला. आणि फळ्याकडे वळल्या नाहीत. त्या गेल्या थेट धनपालसमोर आणि उभ्या राहिल्या. तो इकडं बघत होता, तिकडं बघत होता. शेवटी त्याची नजर आली.

मग त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज काढलाच नाही. ओठांनी म्हणाल्या, घाट. हात तिरका वर नेला. घाट काढला. हात आडवा केला, सपाट. त्या सपाट हातावरनं दुसऱ्या हाताची दोन बोटं चालत गेली. काय उरलं?

धनपाल विणकराचं पोर. त्याचे ओठ आपोआप हलले. रस्ता.

मॅडमनी फळ्यापर्यंत मागं सरकत, हात लांब करून, मी सोडलेल्या मोकळ्या जागेत एक रेघ ओढली. बस्स, एक रेघ. आता तीन अँपिअरला दोन वाटा झाल्या, एक चारची अवघड, एक दोनची सोपी. त्यांनी शेडभर नजर फिरवली, एकेकाची नजर गोळा करत. सोप्या वाटेनं किती जातील? अवघडीनं किती? मागाच्या टोकाला उभा असलेला आण्णाचा माग दुरुस्त करणारा जॉबर, त्यानं पहिल्यांदा बोटं वर केली, इकडं दोन, तिकडं एक. मग दोन-तीन कामगारांनी. मग पोरांनी. मॅडमनी मान हलवली. आधीचे दोन, आत्ताचे दोन.

त्या माझ्यापाशी आल्या. माझा पंजा अजून वरच होता. त्यांनी तो धरला आणि माझा अंगठा आत दुमडला.

चार.

आण्णानं पान उघडून सगळ्यांना दाखवलं आणि आपली चार बोटं वर केली. शेडातली सगळी बोटं वर झाली, चार-चार. माग चालूच होते. मी पैज हरलो होतो.

फुगडी सोमवारी संध्याकाळी ठरली. आण्णानं स्वतः दवंडी दिल्यासारखी घरोघर बातमी नेली. हलगीवाला आणला. चौकात एवढी माणसं मी उरुसाला बघितली नव्हती. आण्णा बाकड्यावर मधोमध, मिशीला तेल लावून.

"कोण घालणार रे याच्याबरोबर फुगडी?" त्यानं विचारलं.

बायका एकमेकींना ढकलत हसत होत्या, पुढं कुणी येईना. "म्हैस आणा," कुणीतरी म्हणालं. मी मात्र रस्त्याकडे बघत होतो. प्राचार्य आजच वर्गात बसणार होते, आणि मॅडम अजून आल्या नव्हत्या.

आल्या तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. मागच्या चाकाकडे बघितलं. चाक टणक होतं. त्या सायकलवर बसून आल्या होत्या.

"काय झालं गं पोरी?" काकूंनी विचारलं.

"पोरांनी खटाक-खटाक सुरू केलं," मॅडम म्हणाल्या. "मी आवाज बंद केला. नुसते ओठ आणि हात. आता पोरांना बघणं भाग पडलं, नाहीतर कळणार कसं? आणि बघता-बघता खटाक-खटाक करायचं विसरली. वर्ग एकदम चिडीचूप. प्राचार्य मागच्या बाकावर. ते पुण्याचे. त्यांना वाटलं आपले कानच गेले. शेजारच्या धनपालला विचारायलेत, काय म्हणतायत त्या? मग धनपालनं त्यांना सगळं समजावून सांगितलं. घाट, नळ, रस्ता, सगळं. तास संपल्यावर प्राचार्य म्हणाले, ज्या वर्गात मागच्या बाकावरचा मुलगा मला सुपरपोझिशन शिकवतो, तिथं मी काय तपासू? राहा म्हणाले."

काकूंनी तिथंच तिची दृष्ट काढत बोटं मोडली. आण्णानं मिशी चाचपली, आणि बराच वेळ हात खाली आणला नाही.

मॅडमनी सायकल माझ्या दुकानाला टेकवली, ओढणी कमरेला बांधली आणि चौकाच्या मधे येऊन दोन्ही हात माझ्यापुढं केले, उजव्यावर डावा.

"चला दादा. हरलेल्याला निवड नाही."

हलगी सुरू झाली. पाय जुळवले, मागं रेललो, फिरायला लागलो. मी त्या वेळी चांगला नव्वद किलोचा होतो आणि समोर काडी. बायका शिट्ट्या मारत होत्या. चौक फिरत होता, आण्णाची मिशी येत होती आणि जात होती. आणि फिरता-फिरता मॅडमनी माझ्या नजरेत नजर घातली आणि आवाज न काढता, सावकाश, मोठ्या ओठांनी म्हणाल्या:

उत्तर तुम्हाला येत होतं.

त्यांना वाटलं, हलगीच्या आवाजात एवढं आपलं दोघांतच राहील.

हलगी थांबली. आण्णानं हात वर केला होता. चौकातल्या सगळ्या नजरा मॅडमच्या ओठांवर होत्या. मॅडमनी तोंडावर हात ठेवला, पण आता काय उपयोग. परभणीची बाई, विसरली कुठल्या गावात उभी आहे ते. सगळ्या चौकानं वाचलं होतं.

"शिरप्या," आण्णा उठून आला. "येत होतं तुला?"

"आण्णा, त्यांचे उच्चार अजून कच्चे आहेत."

"येत होतं का नाही?"

"पहिल्याच दिवशी आलं. नळ आणि घाट. त्यात काय आहे."

"मग पाच कशाला दाखवलंस?"

"बरोबर सोडवलं असतं तर टाळ्या मला पडल्या असत्या," मी म्हटलं. "मला घेऊन काय करायच्या होत्या?"

"आणि माझं शेड कशाला पाहिजे होतं?"

"शेड नको होतं. तू पाहिजे होतास."

आण्णाचा हात मिशीवर गेला. मागनं काकूंचा आवाज आला.

"अहो, पैज काय होती? पोरगी त्याला शिकवून दाखवंल का नाही, हीच ना? मग शिकवलं की तिनं. हरलं कोण?"

चौकात हळूहळू हसू पसरायला लागलं. आण्णानं एकदा बायकोकडे बघितलं, एकदा हलगीवाल्याकडे. मग सावकाश वाकून धोतराचा सोगा वर खोचला. मॅडमना बाजूला व्हायची खूण केली आणि माझ्यासमोर येऊन दोन्ही हात पुढं केले, उजव्यावर डावा.

"धर," म्हणाला.

मी धरले. हलगी परत सुरू झाली. आण्णाच्या हातात तीस वर्षांच्या मागाची ताकद होती, आणि सूड म्हणून त्यानं मला असा फिरवला की माझी टोपी काकूंच्या दारात जाऊन पडली. मिशा वाऱ्यावर, धोतर फुगलेलं, चेहरा तोच गंभीर. फिरता-फिरता त्यानं माझी नजर गाठली आणि ओठांनी मला काहीतरी म्हटलं, सावकाश, मोठं, शेडाच्या पार टोकाला वाचता येईल असं.

ते इथं सांगता यायचं नाही. चौकातल्या सगळ्या बायकांनी मात्र वाचलं, आणि एकदमच पदर तोंडाला लावले.